हात चालतायत तोवर गाडी द्या

ठाण्यात मोटर सर्व्हेअरचं, म्हणजे गाड्या तपासून त्यांची किंमत काढायचं काम करताना एक प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. "मॅडम, माझ्यानंतर ही जुनी गाडी घेणार कोण? आजच्या पोरांना हिचं काय कौतुक? भाव पडायच्या आत काढून टाकू का?" गाडी स्टँडर्ड हेराल्ड असो, फियाट अकराशे असो, नाहीतर कुणीतरी निगुतीने जपलेली दोन सीटांची एमजी असो, प्रश्न बदलत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी उभ्या उभ्या उत्तर न देता नीट लिहिते.

तुमची भीती खोटी नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी जी गाडी रस्त्यावर बघून माणूस वेडा होतो, तीच तो पन्नाशीत, हातात चार पैसे खुळखुळायला लागले की शोधत निघतो. जग्वारची ई-टाइप 1961 च्या मार्चमध्ये जिनिव्हाला पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीला टेकलाय. एमजीबी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त. एका पिढीने जपलेल्या इतक्या गाड्या थोड्या वर्षांच्या अंतराने विकायला निघाल्या, तर सगळ्यांना गिऱ्हाईक कुठून मिळणार? साधी एमजीबी पत्र्यापासून इंजिनापर्यंत नीट करून घ्यायची तर लागणारा पैसा विक्रीतून परत येत नाही, हे तिकडे इंग्लंडात आजही आहेच.

पुढची पिढी गाड्यांच्या नादाला लागत नाही, असं मात्र मुळीच नाही. तिचा नाद वेगळ्या गाड्यांचा आहे. निसानची स्कायलाइन जीटी-आर, आर-34 पिढीची, आली 1999 मध्ये. अमेरिकेत परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की तिथल्या नियमांच्या कचाट्यातून सुटते आणि सरळ आणता येते, त्यामुळे 2024 पासून पहिल्या आर-34 जीटी-आर तिथे सरळ जायला लागल्या. घेणारे कोण? लहानपणी व्हिडिओ गेममध्ये ती गाडी पळवलेले. आपल्याकडे यामाहाच्या आरएक्स हंड्रेड मोटरसायकलचं बघा. ती 1996 मध्ये बंद झाली, आणि आज ती शोधणाऱ्यांत बंद झाली तेव्हा जन्मालाही न आलेली मुलं आहेत. खारघर, ऐरोलीकडून मला चौकशीचे फोन येतात ते काँटेसाचे, जिप्सीचे, पहिल्या मारुती 800 चे. आणि आता पद्मिनीचेही. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली, आणि कालपर्यंत जिला टॅक्सी म्हणून कुणी विचारत नव्हतं तिच्याबद्दल मुलं हळवी होऊन बोलायला लागली.

अगदी वरच्या दर्जाच्या, मोजक्याच बनलेल्या गाड्यांना हे गणित लागू नाही. 1920 च्या दशकातली बुगाटी आज विकत घेणाऱ्याने ती लहानपणी गल्लीत थोडीच पाहिली होती! त्या गाड्या चित्रासारख्या विकल्या जातात, त्यांचं सोडा. प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्यांच्या, मधल्या दर्जाच्या गाड्यांचा आहे. आणि तिथे माझं मत असं की मालकाच्या वयाची धास्ती आपण नको तितकी घेतो, आणि वय वाढताना जे हातातून निसटतं त्याकडे बघतच नाही.

पहिली गोष्ट जागेची. ठाण्यातली जुनी गाडी विक्रीला निघते तेव्हा कारण म्हातारपण असतंच असं नाही. नौपाड्यात, पाचपाखाडीत इमारत रीडेव्हलपमेंटला जाते. खालची पत्र्याची शेड पडते. भाड्याच्या जागेत जुनी गाडी उभी करायला सोसायटी नाही म्हणते, आणि नवीन टॉवरमधलं स्टॅक पार्किंग, गाड्या एकावर एक ठेवायचं, थंड इंजिनाचा चोक ओढून चालू करायच्या गाडीसाठी नसतंच. मग घाईघाईत, पावसाळ्याच्या तोंडावर, मिळेल त्या भावाला गाडी जाते. बाजार पडला म्हणून मालक हळहळतात, पण बाजार तिथे पडलेलाच नसतो. जागा गेलेली असते.

दुसरी गोष्ट कागदांची. 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मान मोठा आहे, पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. पासष्टीच्या संग्राहकाला ते पुरतं. तिशीतल्या मुलाला रविवारी पहाटे घोडबंदर रोडने फेरी मारायची असते, बायकोला घेऊन लोणावळ्याला जायचं असतं. म्हणून जिची नेहमीची नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकरण करून घेतलेली आहे, पर्यावरण कर भरलेला आहे, चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर, आरसी पुस्तकाशी जुळतो, अशी गाडी तरुण गिऱ्हाइकाला जास्त मोलाची. रंग थोडा उडालेला असला तरी चालतो. चकाचक रंगाखाली तुटक कागद असतील तर मी स्वतः त्याला सांगते, बाळा, इथे पैसे घालू नकोस.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. गाडी सांभाळायची माहिती मालकाच्या हातात असते आणि ती कुठेही लिहिलेली नसते.

पाचपाखाडीतल्या एका काकांच्या हेराल्डची किंमत काढायला गेले होते. हेराल्ड म्हणजे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने बनवलेली, मूळची इंग्लंडची ट्रायम्फ, जिची रेखाटनं मिकेलोत्ती या इटालियनाने केली. तिच्याच चासीची लांबी कमी करून ट्रायम्फने स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी काढली, म्हणजे घराणं चांगलं! घ्यायला आला होता कोपरखैरण्याचा एक मुलगा, आयटीत नोकरी करणारा. मी पत्रा बघत होते, डोअर सिलच्या, म्हणजे दाराखालच्या उंबऱ्याच्या, खाली स्क्रू ड्रायव्हर टोचून. काका त्या मुलाला म्हणाले, "इकडे ये, हे आधी बघ." दोन्ही बाजूंची कडी सोडून त्यांनी अख्खा बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटला, आणि स्वतः पुढच्या टायरवर बसले. हेराल्डमध्ये तसं बसता येतं, इंजिन सगळं मांडीपाशी येतं.

मग त्यांनी चाकाच्या आत खाली बोट दाखवलं. तिथे पितळी रंगाचा एक जाड तुकडा असतो, ट्रनियन. स्टेअरिंग फिरवलं की चाकाचा उभा दांडा त्याच्या आट्यांमध्ये फिरतो. "इथे ग्रीस भरायचं नाही. कुठलाही मेकॅनिक ग्रीस गन घेऊन धावेल, त्याला थांबवायचं. इथे गिअर ऑइल, नव्वद नंबरचं. खालचा प्लग काढायचा, निपल लावायचं, गनमध्ये ऑइल भरून वरून बाहेर येईपर्यंत मारायचं." मुलाने विचारलं, ग्रीस भरलं तर? काका म्हणाले, "आट्यांत ग्रीस सुकून बसतं, पाणी शिरतं, आतून गंज धरतो, आणि एक दिवस पार्किंगमधून वळताना चाक आडवं पडतं. हळू असताना पडलं तर नशीब." मुलाने ते सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. मग काकांनी त्याला इग्निशनच्या पॉइंटची गॅप बघायला शिकवली, चोक किती आणि कधी आत ढकलायचा ते शिकवलं, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात म्हणून नवे, त्याला टिकणारे पाइप कुठले घ्यायचे तेही सांगितलं. ऑपेरा हाऊसला कुठल्या गल्लीत गॅस्केट मिळतात, वागळे इस्टेटमधला कोणता डेंटर, म्हणजे पत्रा ठोकणारा, शिसं लावून काम करतो आणि कोण नुसती पुट्टी थापतो, हेसुद्धा.

त्या दुपारी गाडी काकांना हव्या त्या भावाला गेली. माझ्या आकड्यापेक्षा जास्तीला. मुलाने घासाघीस केली नाही, कारण त्याला गाडीबरोबर तिचा वापरही मिळत होता, आणि अडलं तर फोन करायला एक माणूस मिळत होता.

हेच काका जाऊन वर्षभराने मुलगी पुण्याहून आली असती, कव्हर काढून गाडी बघितली असती, बॅटरी मेलेली, टाकीत पेट्रोल आंबलेलं, मेकॅनिक कोण ते माहीत नाही, तर मी काय किंमत लावली असती? पत्रा तोच, इंजिन तेच. पण बंद उभ्या गाडीला घेणारा आधी दुरुस्तीचा खर्च वजा करतो, मग स्वतःच्या भीतीचा. अशा गाड्या मी बघते आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्या गाडीचा काहीच दोष नसतो.

तेव्हा, भाव पडतील का? साध्या, भरपूर बनलेल्या गाड्यांचे थोडे पडतील, आणि मला त्याचं दुःख नाही. भाव उतरले तरच पगारदार मुलगा पहिली जुनी गाडी घेऊ शकतो. जो आज हेराल्डवर हात काळे करतो तोच उद्या स्पिटफायर शोधेल. ज्यांनी गाडी गुंतवणूक म्हणून घेतली त्यांना हे पटणार नाही, पण तुम्ही तशी घेतली नव्हती, मला माहीत आहे.

विकायचीच असेल तर पासष्टी ते सत्तरीत, गाडी चालू असताना, तुम्ही स्वतः बॉनेट उघडून दाखवू शकता तेव्हा विका. फॉर्म 29 आणि 30 वर तुमची सही झाली की नाव बदलायचं काम सरळ होतं. मालक गेल्यावर वारसांना तीस दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, मग फॉर्म 31, वारसाचे पुरावे, भावंडांची संमती, आणि तोवर गाडी तशीच उभी. विकायची नसेल तर निदान एक माणूस हाताशी धरा. मुलगा, सून, पुतणी, शेजारचा डिप्लोमावाला, कोणीही. दर महिन्याला त्याच्या हातून गाडी चालू करून घ्या. एक वही करा आणि त्यात कुठलं ऑइल कुठे, कुठला पार्ट कुणाकडून, शेवटचं काम कधी, सगळं लिहून ठेवा. किंमत काढायला येईन तेव्हा गाडीच्या आधी मी ती वही मागणार आहे.