मे महिन्यात तापी लाईनने, तबल्यासकट

जळगावहून नंदुरबारला जाताना तबला वरच्या रॅकवर ठेवू नये. डब्याच्या छताची धग थेट पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातडी तोंडावर, येते. मी दोन्ही पायांत धरून बसलो. पुडीवर सुती गादी, वर झाकण, मग पिशवी. ओलं फडकं गुंडाळणारेही भेटतात. ओलाव्याने शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल थर, सुटायला लागते आणि पुढे कणाकणाने उडते, तेव्हा ते नकोच.

धरणगाव सुटल्यावर शेजारच्या बाबांनी पिशवीवर बोट ठेवलं, "यामा काय शे, भाऊ?" तबला म्हटल्यावर, "मंग वाजाडा ना!" पण उन्हात पुडी उघडायची नसते. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा अशी झळ खात गाडी नंदुरबारला लागली.

क्लासमध्ये कूलर सुरू होता, मुलं त्याच्यासमोर गोळा झालेली. तबला आधी तिथून लांब. कोरड्या उन्हाने कातडं आवळतं आणि स्वर चढतो. कूलरच्या दमट वाऱ्याने तेच सैल पडतं. म्हणून आल्या आल्या स्वर लावण्यात अर्थ नसतो. झाकण काढून अर्धा तास नुसतं ठेवायचं.

तो अर्धा तास पढंतीचा, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याचा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांचं सत्र एप्रिल-मेमध्ये असतं आणि हातावर टाळी आणि खाली (टाळीऐवजी रिकामा हात) देत ताल म्हणताना मुलं हमखास अडतात. झपताल 10 मात्रांचा, 2-3-2-3. सहाव्या मात्रेला खाली, पण मुलांची तिथेच टाळी पडते. गावाकडच्या मुलांच्या अंगात भजनी ठेक्याच्या 8 मात्रा मुरलेल्या असतात, 2-3चा लंगडा तोल त्यांना पचत नाही. तबला झाकलेला असला की हात बोलांकडे पळत नाहीत, एवढा या उन्हाचा फायदा.

मग हातोडी. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावून निघालेला तबला चढलेलाच होता. उतरवायला गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या वेढ्यावर, खालून वर हलके ठोके, चढवायला वरून खाली. घरं, म्हणजे गजऱ्याचे भाग, 16, एका घरावर ठोका दिला की पुढचा त्याच्या बरोब्बर समोर. ओळीने फिरत गेलात तर पुडी एका अंगाला ओढली जाते, मग 'ना' हा बोल एका घरात खणखणीत आणि शेजारी बोदा. फरक मोठा असेल तरच बाजूच्या 8 लाकडी गठ्ठ्यांना हात लावायचा. उन्हाने ताणलेल्या पुडीचे गठ्ठे आणखी खाली सारले तर ती चाटेजवळ, म्हणजे कडेच्या पट्टीजवळ, फाटते, आणि ती काही जागेवर शिवून मिळत नाही.

इकडे तबलजीचं पोट क्लासची फी, कीर्तन-भजनाची साथ आणि मिळालीच तर शाळेतली नोकरी यांवर चालतं. त्यात दोन तबले बाळगणं भाग: काळी एकचा, मुखाला सव्वापाच इंचांच्या आसपास, आणि गायिकांसाठी काळी चार-पाचचा, पावणेसहा-सहाचा. एकच तबला दोन्हीकडे खेचणारे शेवटी पुडीच्या खर्चात बुडतात. माझ्या मते पहिल्या बिदागीतून दुसरा तबला घ्यावा, माईक नंतर.

संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले. पाणी मारलेलं, फरशी अजून ओली. पहिला कायदा (वाजवायची ठरलेली बोलरचना) संपेपर्यंत स्वर किंचित बसला होता. आता ठोके वरून खाली.