भाडेकरार आणि आधारची झेरॉक्स

घोडबंदर रोडला किंवा वाशीत भाड्याने घर बघायला लागलं की एजंट आधी आधार मागतो, तेही व्हॉट्सॲपवर. पूर्ण आधार पाठवू नका. मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करा, डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’वर खूण करा. 12 पैकी शेवटचे 4 आकडेच दिसतात. पत्ता आणि जन्मतारीख मात्र उघडीच राहते, म्हणून कॉपीवर कारण नि तारीख आडवी लिहा, मजकुरावरूनच.

खरी गोम झेरॉक्सच्या दुकानात. प्रिंटसाठी पाठवलेली फाइल तिथल्या डाउनलोड्समध्ये पडून राहते. आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो काय, तर नावाची पहिली 4 इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल! कुलूप नावापुरतंच. समोर उभं राहून फाइल डिलीट करायला लावा, रीसायकल बिनमधूनही. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याने ओळख पटवणं बंद ठेवणारं कुलूप, एरवी लावूनच ठेवा; करारनोंदणीला अंगठा लागतो, तेवढ्यापुरतं ते उघडा. ठशाची नक्कल करून आधारवरून बँकेतले पैसे काढल्याचे प्रकार झालेत, आणि त्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. आईवडिलांचं लॉक लावलंत तर त्यांना सांगून ठेवा, नाहीतर रेशन दुकानात अंगठा घेणार नाही.