बोलीचा डेटाबेस: नियम एकच, वाचायचा दोन्ही बाजूंनी

ब्रिज खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला तर पानं टाकण्याचा भाग तुलनेनं लवकर उरकतो. बो हागलुंड यांचा डबल डमी सॉल्व्हर सर्वांसाठी खुला आहे. चारही हात उघडे दिले की कुणाच्या किती ट्रिक होतील ते तो सांगतो. गाडी अडते बोलीपाशी. ३०४ हा पत्त्यांचा खेळ खेळून ब्रिजकडे वळलेल्या माणसाला आधी वाटतं, बोली म्हणजे आकडा चढवत नेणं. ब्रिजमध्ये ती पार्टनरशी बोलायची भाषा आहे, आणि त्या भाषेत शब्द फक्त ३८: पास, डबल, रिडबल आणि १ किलवरपासून ७ नोट्रंपपर्यंतच्या (नोट्रंप म्हणजे हुकूम नसलेला डाव) ३५ बोली.

शब्द ३८, पण वाक्यं मोजायला बसाल तर २२ चा ३५ वा घात घ्या, त्याला ४ ने गुणा, १ वजा करा, ३ ने भागा. उत्तर ४८ अंकी येतं. सर्वांत लांब लिलाव, म्हणजे एका डावातली बोलींची पूर्ण मालिका, ३१९ बोलींचा होऊ शकतो. म्हणजे ‘हा लिलाव आला तर ही बोली’ असा तक्ता भरायचा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्यावा.

दुसरा मोह जास्त घातक आहे. ‘१५ ते १७ पॉइंट आणि सपाट वाटणी असेल तर १ नोट्रंप बोल’ अशी जर-तरची साखळी लिहायची (पॉइंट म्हणजे एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १; सपाट वाटणी म्हणजे चारही रंगांत पानं साधारण सारखी). हे धडाधड चालतं, म्हणून फसवतं. कारण ही साखळी हातावरून बोली काढते, आणि टेबलावर त्याच्या तिप्पट काम उलट दिशेचं असतं. बाकीचे तिघं बोलतात आणि त्यांच्या बोलीवरून हात ओळखायचा असतो. मग अर्थ लावायचा दुसरा कोड वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो. पुढं कुणीतरी एका जागी १४–१६ करतो, दुसरीकडे १५–१७ राहतं, आणि प्रोग्रॅम स्वतःच्याच पार्टनरचा हात चुकीचा वाचू लागतो. एरर येत नाही, नुसते डाव हरतात.

म्हणून डेटाबेसमध्ये ‘काय बोलायचं’ हे साठवायचंच नाही. साठवायचा तो बोलीचा अर्थ. बोली निवडणं आणि बोली वाचणं ही दोन्ही कामं त्याच ओळीवरून झाली पाहिजेत.

एक ओळ अशी दिसते:

नियम: ४१२
पद्धत: पाचपानी मेजर (मेजर म्हणजे बदाम-इस्पिक), १५–१७ नोट्रंप
संदर्भ: १ बदाम – (पास) – ? [कंसातली बोली प्रतिस्पर्ध्याची]
बोली: १ नोट्रंप
पॉइंट: ६–१०
वाटणी: कोणतीही
जादा अट: नाही
अग्रक्रम: ४०
फोर्सिंग (पार्टनरला पास बोलायची मुभा नसलेली बोली): नाही
जागा (बोलायच्या क्रमातली): सर्व, व्हल्नरेबिलिटी (दंड-बोनस वाढलेले आहेत का): सर्व

नियमाचा क्रमांक एकदा दिला की कायमचा. नियम काढून टाकला तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. नाशिकरोडला नोटांची प्रेस असलेल्या गावात नोटेवरच्या नंबराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. चुकीच्या बोलीचा माग काढताना लॉगमध्ये ‘४१२’ दिसलं की त्याचा अर्थ दोन वर्षांपूर्वीही तोच असायला हवा.

बोली साठवायला आकडे वापरा: पास ०, डबल १, रिडबल २, आणि पुढं (लेव्हल वजा १) गुणिले ५, अधिक सूट, अधिक ३. सूट किलवर ०, चौकट १, बदाम २, इस्पिक ३, नोट्रंप ४. १ इस्पिक येतं ६, २ बदाम १०, ७ नोट्रंप ३७. सहा बिटांत काम भागतं आणि ‘ही बोली वरची का’ हा प्रश्न दोन आकड्यांच्या तुलनेत सुटतो.

सुरुवातीचे पास संदर्भात ठेवू नका. ते ‘जागा’ या रकान्यात टाका, चार जागांसाठी चार बिट. नाहीतर पहिल्या जागेवरचं १ इस्पिक आणि दोन पासनंतरचं १ इस्पिक यांसाठी पुढचं अख्खं झाड दोनदा लिहावं लागतं. खरा फरक मुख्यतः तिसऱ्या जागेवरच्या हलक्या ओपनिंगचा (कमी पॉइंटांवर लिलाव उघडणाऱ्या बोलीचा) असतो. व्हल्नरेबिलिटीलाही असेच चार बिट पुरतात.

आता वर दिलेली ओळ पुन्हा बघा. तिच्यात ६ ते १० पॉइंट एवढंच लिहिलंय. टेबलावरचा कुठलाही जाणता भिडू मात्र या १ नोट्रंपमधून बरंच जास्त वाचतो. इस्पिकची चार पानं असती तर पार्टनर १ इस्पिक बोलला असता. बदामाची तीन असती तर २ बदाम बोलून पाठिंबा दिला असता. म्हणजे इस्पिक जास्तीत जास्त ३, बदाम जास्तीत जास्त २, आणि उरलेली किमान ८ पानं चौकट-किलवरमध्ये. ही माहिती ओळीत नाही, ती तिच्यापेक्षा वरच्या अग्रक्रमाच्या ओळींत आहे. न बोललेल्या बोलींचा अर्थ हाताने भरायला गेलात तर प्रत्येक बदलाबरोबर पन्नास ओळी दुरुस्त कराव्या लागतील. तो मशीनकडून काढून घ्यायचा.

त्यासाठीची युक्ती साधी आहे आणि आमच्या मते सगळ्या रचनेचा कणा तीच आहे. चार सूटांत १३ पानं ५६० प्रकारे वाटली जातात. एका हातात पॉइंट ० ते ३७ असू शकतात (चार एक्के, चार राजे, चार राण्या आणि एक गुलाम म्हणजे ३७), म्हणजे ३८ किमती. ५६० गुणिले ३८ बरोबर २१,२८० चौकटींचा तक्ता (इथं चौकट म्हणजे तक्त्यातला खाना, पत्त्यांचा सूट नव्हे). प्रत्येक चौकटीला एक बिट दिला तर २,६६० बाइट. प्रत्येक नियमाचा असा तक्ता बिल्डच्या वेळीच तयार करून ठेवायचा. मग ‘या बोलीचा खरा अर्थ’ म्हणजे त्या नियमाच्या तक्त्यातून वरच्या अग्रक्रमाचे सगळे तक्ते वजा. बिटांची वजाबाकी, दुसरं काही नाही.

१ नोट्रंपच्या उदाहरणात ओळ जशीच्या तशी वाचली तर ५६० वाटण्या गुणिले ५ पॉइंट, २,८०० चौकटी. पाठिंबा आणि १ इस्पिक वजा केल्यावर वाटण्या उरतात १३८, चौकटी ६९०. एक अक्षर जास्त न लिहिता अर्थ चौपट धारदार झाला.

इथं एक खड्डा आहे आणि बहुतेक जण त्यात पडतात. काही नियमांच्या अटी तक्त्यात मावत नाहीत: सूटमधल्या वरच्या तीन पानांपैकी दोन हवीत, प्रतिस्पर्ध्याच्या सूटमध्ये स्टॉपर (तो सूट अडवणारं पान) हवा, वगैरे. कमकुवत २ इस्पिक घ्या: सहा पानं, ६–१० पॉइंट आणि बऱ्यापैकी सूट. पार्टनर पहिल्या जागेवर पास बोलला आणि तुम्ही २ इस्पिकचा अख्खा तक्ता वजा केलात, तर प्रोग्रॅमची खात्री होते की पार्टनरकडे त्या पॉइंटांत सहा इस्पिक नाहीतच. प्रत्यक्षात त्याच्याकडे दश्शीपासून खालची सहा असू शकतात. पुढं तो इस्पिक बोलला की प्रोग्रॅम गोंधळतो. उपाय असा की प्रत्येक नियमाला दोन तक्ते द्यायचे, एक ‘नक्की’चा आणि एक ‘शक्य’चा. जादा अट असेल तर त्या चौकटी फक्त ‘शक्य’मध्ये जातात. बोलीचा अर्थ ‘शक्य’ तक्त्यावरून घ्यायचा, वजाबाकी मात्र ‘नक्की’ तक्त्याचीच करायची. ५,००० नियमांना दोन्ही मिळून साधारण २६.६ एमबी होतात, आजच्या फोनलाही जड नाहीत.

प्रत्येक चौकटीला वजनही द्या, म्हणजे त्या वाटणीचे आणि तेवढ्या पॉइंटांचे हात किती. एका सूटमध्ये चित्रांची चार पानं आणि दश्शी ते दुर्री नऊ. पाच पानी सूटमध्ये ४ पॉइंट असायचे तर एकतर एक्का आणि चार छोटी पानं, १२६ प्रकार, किंवा राजा-गुलाम आणि तीन छोटी, ८४ प्रकार. एकूण २१०. असे चार सूट एकमेकांत गुंफले की चौकटीचं वजन मिळतं. सगळ्या वजनांची बेरीज ६,३५,०१,३५,५९,६०० हातांची, म्हणजे ६३५ अब्जांच्या थोडी वर, नेमकी आली पाहिजे. एकाचाही फरक पडला तर पुढं जाऊ नका.

याच वजनांवर पहिली आणि सर्वांत उपयोगी चाचणी उभी राहते. एका संदर्भातले सगळे नियम मिळून तक्त्याची प्रत्येक चौकट झाकली जाते का? ओपनिंगला किमान २० ओळी लागतात: पहिल्या तीन लेव्हलच्या पाच-पाच, चौथीचे चार सूट आणि सगळ्यांत खाली पास. भोकं हमखास सापडतात ती रीबिडमध्ये, म्हणजे उघडणाऱ्याच्या दुसऱ्या बोलीत. १ नोट्रंप १५–१७, २ नोट्रंप २०–२१ असं लिहिलं की १८–१९ चा सपाट हात एकाच्या सूटने उघडून पुढं २ नोट्रंपला उडी मारतो. ती उडीची ओळ विसरलात तर तो हात कुठंच बसत नाही. दुसरी चाचणी बरोबरीची. एकाच अग्रक्रमाच्या दोन नियमांचे तक्ते एकमेकांवर आले तर बिल्ड थांबलीच पाहिजे. एसक्यूएलाइट या डेटाबेसला क्रम सांगितला नाही तर कुठली ओळ आधी येईल याची हमी नसते. मग तोच हात आज १ इस्पिक बोलतो आणि उद्या २ बदाम.

संदर्भाची भाषा फार चतुर करू नका, पण चल मात्र हवेत. १ नोट्रंपवरचे ट्रान्सफर (आपला सूट पार्टनरकडून बोलवून घेणाऱ्या बोली) ‘दाखवायच्या सूटच्या लगेच खालची बोली’ अशा एका ओळीत बसतात. प्रतिस्पर्धी मध्ये बोलला तर ओळींच्या नकला करण्याऐवजी वळवणीचा वेगळा तक्ता ठेवा: ‘१ नोट्रंप – (डबल)’ हा संदर्भ ‘१ नोट्रंप – (पास)’ कडे वळव. ‘१ नोट्रंप – (२ किलवर) – डबल’ हे स्टेमनचं २ किलवर (पार्टनरकडे चारपानी बदाम किंवा इस्पिक आहे का ते विचारणारी बोली) समज. एका वळवणीतून दुसरीकडे जायची परवानगी ठेवू नका. एक दिवस दोन वळवण्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहतो.

प्रत्येक जोडीची पद्धत वेगळी नोंदवा. समजा, गंगापूर रोडच्या जोडीचं २ चौकट म्हणजे कमकुवत चौकट आणि देवळालीच्या जोडीचं तेच २ चौकट म्हणजे मल्टी, बदाम किंवा इस्पिकपैकी एक लांब सूट. त्यांची बोली आपल्या नियमांनी वाचली तर प्रोग्रॅम चौकटची उतारी टाळत बसेल. प्रिसिजन पद्धतवाल्यांचं १ किलवर म्हणजे १६ वर पॉइंट, किलवरशी संबंध नाही. पद्धत माहीत नसेल तर सैल, नैसर्गिक अर्थांचा एक छोटा संच वापरा.

माणसं नियम काटेकोर पाळत नाहीत हेही धरून चला. गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? क्युसेकचा आकडा मागाहून. चांगले भिडू पॉइंटही तसेच बघतात: चौदाच आहेत, पण पाचपानी सूट भरीव आहे, म्हणजे पंधरा धरा. असे हात नियमात ढकलू नका. हाताचं मूल्यमापन करणाऱ्या कोडला ते वाढवू द्या आणि १४ ची चौकट ‘शक्य’मध्ये घाला. लिलावाशी जुळणारे हात तयार करताना एकही हात सापडला नाही तर शोध एका पॉइंटनं सैल करा, मग दोननं. नियमाला हात लावायचा नाही.

प्रोग्रॅमचं सर्वांत लाजिरवाणं कृत्य म्हणजे पार्टनरच्या फोर्सिंग बोलीवर पास. १ इस्पिकवर पार्टनर ४ किलवर बोलतो, अर्थ इस्पिकला पाठिंबा आणि किलवर एखादंच किंवा नाहीच. प्रोग्रॅम पास बोलतो आणि डाव ४ किलवरवर थांबतो. कारण बहुतेक वेळा हेच असतं: संदर्भ डेटाबेसमध्ये सापडला नाही आणि ‘काही नाही तर पास’ अशी सोय करून ठेवलेली. म्हणून फोर्सिंगचा रकाना नियम शोधण्याच्या आधी बघा. एका फेरीचं फोर्सिंग, गेमपर्यंतचं (मोठा बोनस मिळणाऱ्या बोलीपर्यंतचं) फोर्सिंग आणि थांबायची खूण, या तीन स्थिती लिलावाबरोबर पुढं न्या. फोर्सिंग चालू असेल तर पास यादीतूनच काढा. मग उरलेल्यात ठरलेला सूट असेल तर त्यात परत या.

ओळी संपल्यावर काय, याचं उत्तर मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या जिब या ब्रिज प्रोग्रॅमनं दाखवलं. लिलावाशी जुळणारे डाव तयार करायचे, प्रत्येक संभाव्य बोलीनंतर लिलाव कसा जाईल ते डेटाबेसलाच विचारायचं आणि शेवटचा कॉन्ट्रॅक्ट डबल डमीनं सोडवायचा. ५० ते १०० डाव पुरतात. पण सावध. डेटाबेसमध्ये भोक असेल तर हे सिम्युलेशन ते बरोबर हुंगतं. समोरचा चमत्कारिक बोलीला वेडगळ उत्तर देतो, असं डेटाबेस सांगत असेल, तर सिम्युलेशन ती चमत्कारिक बोली आनंदानं निवडतं. म्हणून सिम्युलेशनला उमेदवार बोली फक्त त्याच द्या ज्यांचा ‘शक्य’ तक्ता हा हात सामावून घेतो.

नियम एसक्यूएलाइटमध्ये थेट टाइप करू नका. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा आणि त्यातून डेटाबेस बांधा, म्हणजे कुठली ओळ कधी बदलली ते दिसतं. बोलीचं स्पष्टीकरणही हाताने लिहू नका, वजाबाकीनंतरच्या तक्त्यावरूनच छापा: ‘६–१० पॉइंट, इस्पिक ३ पर्यंत, बदाम २ पर्यंत’. प्रतिस्पर्ध्यांना आपली पद्धत सांगणं बंधनकारक असतं, आणि हाताने लिहिलेलं वर्णन नियमाच्या मागं पडतंच. शेवटी १,००० डाव पीबीएन (ब्रिजचे डाव नोंदवायचा ठरलेला नमुना) फाइलमध्ये कायमचे ठेवा. एक नियम बदलला की सगळे लिलाव पुन्हा चालवून फरक बघा. कमकुवत दोनच्या एका ओळीला हात लावला आणि स्लॅमचे (१२-१३ ट्रिकचे) लिलाव बदलले असतील, तर आधी अग्रक्रमाचे आकडे तपासा.