गाडी फोनला ओळखत नाही, तेव्हा दोष नेमका कुठे शोधायचा

"फोन गाडीला कनेक्ट होत नाही" या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कुणाचा फोन चार्ज होतो, पण स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनची अ‍ॅप गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) येत नाही. कुणाची गाणी वाजतात, पण कॉल आला की आवाज फोनमधूनच येतो. कुणाचं दहा मिनिटं छान चालतं आणि मग तुटतं. कुणाचं कालपर्यंत सुरळीत होतं, रात्री फोनचं अपडेट झालं आणि सकाळपासून बंद. कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. पण उपाय मात्र सगळीकडे एकच केला जातो: फोन रीस्टार्ट करा, गाडी बंद-चालू करा, आणि तरीही जमलं नाही तर हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरची स्क्रीन आणि स्टिरिओ, बदलायची चौकशी करा. हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. हेड युनिटवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी.

फोन आणि गाडी यांच्यात एकच दोर नसतो, तीन असतात: ब्लूटूथ, यूएसबी आणि वायफाय. कोणता दोर कशासाठी आहे हे कळलं की अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

ब्लूटूथमध्येही पुन्हा वेगवेगळ्या वाटा आहेत, त्यांना प्रोफाइल म्हणतात. कॉलसाठी एचएफपी, गाण्यांसाठी ए२डीपी, गाण्याचं नाव आणि पुढे-मागे करायच्या बटणांसाठी एव्हीआरसीपी, कॉन्टॅक्टसाठी पीबीएपी, मेसेजसाठी एमएपी. म्हणूनच गाणी चालतात पण कॉल जात नाही, किंवा कॉल होतो पण नावाऐवजी नुसता नंबर दिसतो, असं होऊ शकतं. ब्लूटूथ 'जोडलेलं' असतं, फक्त त्यातली एखादी वाट बंद असते. अशा वेळी फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावाशेजारचं सेटिंगचं चिन्ह दाबा. अँड्रॉइडवर तिथे फोन कॉल, मीडिया ऑडिओ आणि कॉन्टॅक्ट शेअरिंग यांची वेगवेगळी बटणं असतात. आयफोनवर 'आय' चिन्ह दाबल्यावर कॉन्टॅक्ट सिंक आणि नोटिफिकेशन यांची बटणं दिसतात. बंद असलेलं चालू करा, ब्लूटूथ एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. पेअरिंगच्या, म्हणजे फोन आणि गाडीची पहिली ओळख करून देण्याच्या वेळी गाडी कॉन्टॅक्टची परवानगी मागते आणि आपण घाईत नकार देतो. नुसते नंबर दिसण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच.

वायरने चालणारं अँड्रॉइड ऑटो चित्र आणि गाणी यूएसबीवरून पाठवतं, पण कॉलसाठी ब्लूटूथच वापरतं. त्यामुळे केबल लावलेली असताना ब्लूटूथ बंद केलंत तर कॉलचा घोटाळा ठरलेला. आयफोनसाठीची तशीच सोय म्हणजे कारप्ले, आणि तिचं उलट आहे. ते सुरू झालं की कॉलसुद्धा त्याच्याच वाटेने जातात आणि गाडीचा ब्लूटूथ कनेक्शनमधून बाजूला होतो. आयफोनच्या यादीत गाडी 'नॉट कनेक्टेड' दिसते म्हणून घाबरून पुन्हा पेअर करायला जाऊ नका, तो बिघाड नाही.

वायरलेस प्रकारात स्क्रीन आणण्यासाठी ब्लूटूथचं काम ओळख करून देण्यापुरतं. गाडी आपल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड ब्लूटूथवरून फोनला देते, फोन त्या वायफायला जोडला जातो आणि चित्र तिथून जातं. म्हणून ब्लूटूथ जोडलेलं असूनही स्क्रीन येत नसेल, तर ब्लूटूथच्या मागे लागून वेळ घालवू नका. अडलंय ते पुढच्या टप्प्यावर, वायफायमध्ये.

आता केबल. मला तर वाटतं, वायरच्या कनेक्शनची तक्रार असेल तर केबल तपासेपर्यंत दुसरं काही करूच नये. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन वीजपुरवठ्याच्या आणि दोन डेटाच्या. काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, आणि चांगल्या केबलमध्येही वाकून-वाकून प्लगच्या मानेपाशी त्याच आधी तुटू शकतात. फोन चार्ज होतो म्हणजे केबल चांगली, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. जाड केबल, फास्ट चार्जिंगची केबल, यावरूनही डेटाबद्दल काही कळत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. तीच केबल लावून फोन कॉम्प्युटरला जोडा. अँड्रॉइडवर यूएसबीच्या नोटिफिकेशनमध्ये 'फाइल ट्रान्सफर' निवडा. आयफोनवर 'ट्रस्ट' दाबा. फोनमधले फोटो दिसले की डेटाच्या तारा शाबूत आहेत. मग एखादा मोठा व्हिडिओ कॉपी करायला लावा आणि तो चालू असताना प्लग दोन्ही टोकांना हलकेच हलवून पाहा. कॉपी मध्येच थांबली, तर खड्ड्यातून गेल्यावर गाडीतली स्क्रीन का जाते याचं उत्तर मिळालं. केबल १ मीटर किंवा त्याहून लहान ठेवा. मध्ये हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी), एक्स्टेन्शन किंवा कन्व्हर्टर नको. कारप्लेमध्ये तर जोडल्यावर भूमिका उलटतात, आयफोन यूएसबीचा यजमान होतो आणि गाडी त्याची पाहुणी. साध्या हबला ही अदलाबदल झेपत नाही, म्हणून हबमधून आयफोन चार्ज होतो पण कारप्ले येत नाही.

केबल ठीक निघाली तर फोनचं पोर्ट पाहा. खिशातला कापसासारखा कचरा आत साचतो, प्रत्येक वेळी प्लग घालताना तो तळाशी दाबला जातो, आणि हळूहळू त्याचा घट्ट थर होतो. प्लग पूर्ण आत जात नाही, किंचित बाहेर राहतो, आणि शेवटी हाताने धरलं तरच चालतं. फोन बंद करा, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकच्या टोकाने कडेकडेने कचरा उकरून काढा. टाइप-सी पोर्टच्या मधोमध पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नका. टाचणी, सुई किंवा सेफ्टीपिन अजिबात नको. गाडीच्या पोर्टमध्येही धूळ आणि खाण्याचे कण जातात, तेही याच वेळी बघून घ्या.

आणि गाडीचं पोर्ट बरोबर आहे ना? एकापेक्षा जास्त पोर्ट असलेल्या गाड्यांमध्ये पुष्कळदा एकच डेटाचं असतं, बाकीची फक्त चार्जिंगची. डेटाच्या पोर्टवर बहुधा फोनचं किंवा त्रिशूळासारखं यूएसबीचं चिन्ह असतं. नुसती वीज किंवा बॅटरी काढलेली असेल तर ते चार्जिंगचं. मागून बसवलेल्या हेड युनिटमध्ये आणखी एक जागा तपासण्यासारखी असते. युनिटच्या पाठीमागून ग्लोव्ह बॉक्सपर्यंत जी वायर आणलेली असते ती मुळात एक एक्स्टेन्शनच असते, आणि तिचा जोड डॅशबोर्डच्या आत ढिला होतो. तुमची केबल नवी कोरी असली तरी दोष तिथे असू शकतो.

फोनच्या सेटिंगमधल्या अडचणी थोड्या कमी दिसतात, पण डोकं जास्त खातात. पहिल्यांदा जोडताना फोन अनलॉक ठेवा आणि स्क्रीनवर येणाऱ्या प्रत्येक परवानगीला हो म्हणा. आयफोनवर सिरी चालू असल्याशिवाय कारप्ले येत नाही. स्क्रीन टाइममध्ये निर्बंध लावले असतील तर परवानगी असलेल्या अ‍ॅपच्या यादीत कारप्ले आहे का ते पाहा. तासाभरापेक्षा जास्त वेळ लॉक राहिलेला आयफोन यूएसबीवरून डेटा देणं थांबवतो. ही सुरक्षेची सोय आहे. एकदा अनलॉक केलं की काम होतं, नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये लॉक असताना अ‍ॅक्सेसरीजना परवानगी देता येते.

अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी यंत्रणा हा मोठा अडथळा आहे. स्क्रीन बंद झाली की फोन मागे चालणारी अ‍ॅप झोपवतो आणि त्यात अँड्रॉइड ऑटोही झोपी जातं. ठरावीक मिनिटांनी कनेक्शन तुटत असेल तर अँड्रॉइड ऑटो, गूगल प्ले सर्व्हिसेस, गूगल अ‍ॅप आणि मॅप्स या चौघांची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. ज्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी परवानगी असते, तिथे तीही द्या. अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असतं, त्याचं वेगळं चिन्ह दिसत नाही. सेटिंगच्या शोधपट्टीत नाव टाकलं की सापडतं.

काल चालत होतं आणि आज नाही, अशा वेळी जुनी ओळख पुसून नवी करून द्यावी लागते. पेअरिंगच्या वेळी दोन्ही बाजूंना एकच गुप्त किल्ली साठवली जाते. एका बाजूची किल्ली बदलली किंवा खराब झाली की दोघे एकमेकांना नावाने ओळखतात, पण दार उघडत नाहीत. फक्त फोनमधून गाडी काढून टाकली तर गाडीकडे जुनी किल्ली तशीच राहते आणि नवं पेअरिंग फसू शकतं. म्हणून दोन्हीकडून काढा, आणि याच क्रमाने करा: आधी गाडीच्या यादीतून फोन डिलीट. मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून गाडी 'फरगेट'. मग अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये पूर्वी जोडलेल्या गाड्यांमधून तिचं नाव काढा. आयफोनवर जनरलमध्ये कारप्ले उघडून गाडी निवडा आणि 'फरगेट' करा. फोन रीस्टार्ट करा. गाडी बंद करून दार उघडा, बाहेर येऊन लॉक करा आणि पाचेक मिनिटं थांबा, कारण इग्निशन बंद केलं तरी बऱ्याच गाड्यांचं हेड युनिट काही वेळ जागंच असतं. परत आल्यावर पेअरिंग गाडीच्या स्क्रीनवरून सुरू करा. दोन्हीकडचा आकडी कोड जुळतोय हे पाहूनच मंजुरी द्या. गाडीच्या यादीत जुने, विकून टाकलेले फोन पडून असतील तर तेही काढा. ही यादी ठरावीक फोनांपुरतीच असते आणि भरली की काही गाड्या नवा फोन मुकाट्याने नाकारतात.

वायरलेस सुरूच होत नसेल तर आधी गाडीला ती सोय आहे का ते पाहा. गाडीत ब्लूटूथ आहे म्हणजे वायरलेस अँड्रॉइड ऑटो आहे असं नाही. फोनकडे ५ गीगाहर्ट्‌झचं वायफाय हवं, आणि अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर बाकी चिंता नाही. फोनचं वायफाय चालू ठेवा, हॉटस्पॉट बंद करा. व्हीपीएन (फोनचं इंटरनेट वेगळ्या, खासगी वाटेने नेणारी सोय) चालू असेल तर ते बंद करून पाहा. गाडीशी होणारा संवाद व्हीपीएनच्या बोगद्यात अडकू शकतो आणि स्क्रीन 'कनेक्टिंग'वरच राहते. घराच्या दारात उभं असताना जोडलं जात नाही पण रस्त्याला लागल्यावर जोडलं जातं, असं होत असेल तर फोन घरचं वायफाय सोडत नाहीये. वायरलेसमध्ये फोन तापतो. त्यातच तो वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर आणि उन्हात असेल तर तापमान वाढून आधी चार्जिंग थांबतं, मग सगळंच अडखळतं. एसीच्या झोतासमोर ठेवून फरक पडतो का पाहा.

वायरचं वायरलेस करणारा डोंगल लावला असेल तर तपासणीसाठी तो आधी काढा आणि केबलने सगळं चालतंय याची खात्री करा. डोंगल वायरच्याच सोयीवर उभा असतो. मूळ कनेक्शन डळमळीत असेल तर त्यावर डोंगल चढवून काहीच सुधारत नाही.

आवाजाबद्दल थोडंसं. कॉलचा आणि गाण्यांचा आवाज गाडीत वेगवेगळा साठवला जातो, म्हणून कॉल चालू असतानाच आवाज वाढवा. समोरच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येत असेल तर गाडीतला कॉलचा आवाज थोडा उतरवा, तुमच्या स्पीकरचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरतोय. अँड्रॉइडवर ब्लूटूथचा आवाज कायमच बारीक येत असेल तर डेव्हलपर ऑप्शन या फोनच्या एरवी लपलेल्या सेटिंगमधलं 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' चालू करून पाहा. गाण्याचं नाव दिसत नसेल तर तिथेच एव्हीआरसीपीची आवृत्ती एक पायरी बदलून पुन्हा जोडा. बाकीच्या डेव्हलपर सेटिंगना हात लावू नका.

एवढं करून मगच हेड युनिट. आधी त्याची तारीख आणि वेळ पाहा. गाडीची बॅटरी काढून लावल्यावर तारीख मागे गेलेली असू शकते आणि सुरक्षा प्रमाणपत्रांची पडताळणी तारखेवर होते, त्यामुळे कनेक्शन नाकारलं जाऊ शकतं. मग पॉवरचं बटण स्क्रीन काळी होऊन लोगो दिसेपर्यंत दाबून ठेवा, बऱ्याच युनिटमध्ये दहा सेकंदांहून थोडं जास्त लागतं. नेमकं बटण मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. याने सहसा सेटिंग जात नाहीत. फॅक्टरी रीसेट मात्र सगळं पुसतो, तो अगदी शेवटी. सॉफ्टवेअर अपडेट करायचं असेल तर गाडीच्या मॉडेलचं आणि तिच्या बाजारपेठेचंच घ्या, कंपनीने सांगितलेल्या फॉरमॅटचाच पेनड्राइव्ह वापरा आणि मध्ये वीज तोडू नका. अर्धवट अपडेट झालेलं युनिट घरी सुरू करणं फार अवघड असतं.

प्रत्येक वेळी एकच बदल करा आणि मग तपासा. शक्य असेल तेव्हा अदलाबदलीचा प्रयोग करा: दुसऱ्याचा फोन तुमच्या गाडीत, तुमचा फोन दुसऱ्याच्या गाडीत, केबल तीच, आधी तपासून घेतलेली. तुमचा फोन दोन्हीकडे रुसत असेल तर दोष फोनचा. तुमच्या गाडीत कोणताच फोन चालत नसेल तर गाडीचा. हे सगळं गाडी उभी असतानाच करायचं.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच तर "कनेक्ट होत नाही" एवढंच सांगू नका. फोनचं मॉडेल आणि त्याची सिस्टीम आवृत्ती, हेड युनिटची सॉफ्टवेअर आवृत्ती, वायरने की वायरलेस, किती मिनिटांनी तुटतं, तुटताना चार्जिंगही जातं का, आणि दुसऱ्या फोनने काय झालं, एवढं कागदावर लिहून न्या. स्क्रीनवर आलेल्या एरर मेसेजचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. तुटताना चार्जिंगही जात असेल तर तंत्रज्ञ पोर्ट आणि वायरिंग आधी उघडेल, जात नसेल तर सॉफ्टवेअरकडे वळेल.