अकरावीतच काढायला घ्यायची कागदपत्रं

मार्क आहेत, राखीव जागा आहे, तरीही मूल इंजिनिअरिंगच्या किंवा फार्मसीच्या यादीत खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. बहुतेक वेळा कारण एकच असतं, जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलेलं नसतं. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी डिग्रीला निघालंय तिथे हे आधी सांगणारं कुणी नसतं. ते काम ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांनी आणि पुढे गेलेल्या ताई-दादांनी करायला हवं.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, तो खरा असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे वैधता, देते ती जात पडताळणी समिती. बीए-बीकॉमला वैधतेवाचून सहसा अडत नाही, व्यावसायिक अभ्यासक्रमांना अडतं. बारावीच्या निकालानंतर अर्ज केला तर उशीर झालाच म्हणून समजा. अकरावीला प्रवेश झाला की कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन अर्ज भरून टाकावा.

खरी मेहनत पुराव्याची. समितीला मानीव दिनांकाच्या, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेच्या, आधीचा जात लिहिलेला कागद लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. थोडक्यात आजोबा-पणजोबांचा कागद. ते शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा किंवा आजोबांची बहीण शाळेत गेली होती का ते पाहा. वडिलांकडचं रक्ताचं नातं असलं की चालतं. तिथेही काही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींत पुष्कळदा जात लिहिलेली असते. नोंद मोडीत असेल तर अधिकृत लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

प्रकरण अडकतं ते नावांवर. कोतवाल बुकात ‘सखा’, शाळेच्या रजिस्टरात ‘सखाराम’, सातबाऱ्यावर आडनावच निराळं. वंशावळीतला प्रत्येक माणूस पुढच्याशी कुठल्या ना कुठल्या कागदाने जोडलेला दिसला पाहिजे, नाहीतर प्रकरण समितीच्या दक्षता पथकाच्या चौकशीला जातं आणि महिने निघून जातात. शाळेच्या जुन्या दाखल्यासोबत तिथल्या जनरल रजिस्टरच्या त्या पानाची नक्कलही घ्या. जातीच्या रकान्यात खाडाखोड असेल तर ती आधीच कळते. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता आधीच झालेली असेल तर काम खूपच सोपं होतं.

पोटासाठी शहरात आलेल्या कुटुंबांची आणखी एक अडचण. मूल पुण्यात वाढलं तरी आजोबा मानीव दिनांकाला लातूरकडच्या गावात राहत असतील, तर जातीच्या दाखल्यासाठी सहसा तिकडेच जावं लागतं. मे महिन्यात गावी जाणं होतंच, तेव्हाच ही कामं उरका.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं ते ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजा-भज), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना. अनुसूचित जाती-जमातींना नाही. त्यावरची मुदत वाचा. प्रवेश जूननंतरचा असेल तर मुदत पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंतची हवी.

फीच्या बाबतीत दोन गोष्टी फार जणांना ठाऊक नसतात. इंजिनिअरिंगला टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण फी माफीच्या, 5 टक्के जादा जागा असतात, जात कुठलीही चालते, उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. पण पसंतीक्रमात त्यांचे कोड वेगळे भरावे लागतात, शेवटी ‘टी’ असलेले. साधाच कोड भरला तर सवलत मिळत नाही. दुसरं म्हणजे 8 जुलै 2024 चा शासन निर्णय. त्यानुसार 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही, आणि होस्टेल-मेसचा खर्च घरच्यांवरच राहतो.

त्या खर्चासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. म्हणून आधी वसतिगृहाचा अर्ज भरा.

महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरून येणारे, पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं पाचवीत शाळेने उघडून दिलेलं आणि आता बंद पडलेलं असलं की पैसे अडकतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठली बँक जोडली आहे ते, तपासा, मग फॉर्म भरा. फॉर्म ‘सेंड बॅक’ झाला की दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवावा लागतो. कॉलेजने सांगितलं नाही तरी दर आठवड्याला लॉगिन उघडून पाहा, आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल भरायला विसरू नका.