मूल्यमापन ज्याचे त्यानेच करायचे

विल्यम ग्लासर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६५ साली ‘रिअ‍ॅलिटी थेरपी’ ही समुपदेशनाची पद्धत मांडली आणि पुढे तिला निवड सिद्धांताची, म्हणजे चॉइस थिअरीची, बैठक दिली. जगण्याची निकड, प्रेम व आपलेपणा, सत्ता, स्वातंत्र्य आणि मौज या त्यातल्या पाच गरजा समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. ठाण्यात काम करताना मला मात्र त्याचा एकच भाग पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो: आपण जे करतो आहोत त्याने आपल्याला हवे ते मिळते आहे का, याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे असते.

डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेमुळे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती ठाणेकरांच्या चांगल्या ओळखीची आहे. एलिसचा भर विचार तपासण्यावर, तर ग्लासरचा आधी कृतीकडे पाहण्यावर.

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचे उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बारावीतला मुलगा घरात बोलत नाही, ही तक्रार. तुम्हाला काय हवे आहे, असे विचारल्यावर आधी “त्यानं अभ्यास करावा” असे उत्तर आले आणि बऱ्याच वेळाने, काहीशा संकोचाने, “त्यानं माझ्याशी बोलावं” असे. मग त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप उघडून दाखवले. “पोचलास का?”, “टेस्टचं काय झालं?”, “उत्तर दे” अशी त्यांच्या संदेशांची रांग, आणि मध्येच कुठेतरी त्याचे एक “हो”. हे टुमणे थांबवा, असे मी सांगितले असते, तर मुलाला ऐकावे लागते तेच त्यांना माझ्याकडून ऐकावे लागले असते. मी एवढेच विचारले, “ताई, या मेसेजेसमुळे तो जवळ येतोय की लांब जातोय?” त्या काही वेळ बोटाने पडदा वर सरकवत राहिल्या आणि म्हणाल्या, “लांबच जातोय. पण मॅडम, मी नाही विचारायचं तर कोणी विचारायचं?”

हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण काळजी खोटी नव्हती; ती व्यक्त करण्याची रीत निरुपयोगी ठरली होती, आणि ते त्यांनी स्वतः ओळखले. रात्री त्याच्याबरोबर जेवायला बसायचे आणि ताटावर गुणांचा विषय काढायचा नाही, असे त्यांनीच ठरवले. “मग तो बोलेल” हे मात्र आम्ही योजनेत धरले नाही, कारण ते त्यांच्या हातात नव्हते.

कार्यालयांत हेच अधिक अवघड होते. महापे-ऐरोलीकडच्या कंपन्यांत वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात स्वतःविषयी लिहायला रकाना असतो, पण साहेबाने श्रेणी आधीच ठरवलेली असेल तर तो रकाना भरणे ही निव्वळ औपचारिकता. ग्लासरला अभिप्रेत असलेला नेता ‘चांगले काम म्हणजे काय’ यावर सहकाऱ्यांशी खरोखर बोलतो आणि कामाचा दर्जा त्यांनाच तपासू देतो. “याचा काही उपयोग होतोय का?” हा प्रश्न कुत्सित सुरात विचारला, तर तीही टीकाच. (नवराबायकोच्या भांडणात “तूच ठरव” हे शब्द किती सहज टोमणा होतात, ते वेगळे सांगायला नको.)

एका बाबतीत मी ग्लासरच्या विरुद्ध आहे. तो वर्तनाला मोटारीची उपमा देई: कृती व विचार ही पुढची चाके, भावना व शरीर ही मागची, आणि सुकाणू पुढच्या चाकांवर चालते. नेहमीच्या ताणतणावांत हे पटते. पण मनोविकारांवरच्या औषधांना त्याने केलेला विरोध मला मान्य नाही, आणि घरी मार खाणाऱ्या बाईपुढे निवडीची भाषा करणे तर क्रूरपणाच होईल. म्हणून पहिल्या भेटीत मी झोप, भूक, घरातली मारहाण आणि मरणाचे विचार यांविषयी स्पष्ट विचारते. त्यांतले काही आढळले, तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा सुरक्षित जागी पोचवण्याची व्यवस्था करायची. काय हवे आणि त्यासाठी काय करता, हे प्रश्न त्यानंतरचे.