गाडी पोहोचली म्हणजे माल उतरला असं नाही

बुधवारी सकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी फोन आला, तेव्हा मी मुलाचा डबा भरत होते.

"ताई, चाकणहून होसूरला माल घेऊन आलोय मी. गाडी अजून भरलेलीच उभी आहे. ई-वे बिल रात्री संपलं की काय, जरा बघता का?"

मी चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ट्रॅफिक बघते. म्हणजे कंपन्यांच्या इंडेंटप्रमाणे, म्हणजे मागणीप्रमाणे, गाड्या लावायच्या, बिल्टी (मालाची पावती) फाडायची आणि गाडी खाली होईपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. सगळं काम सॉफ्टवेअरवर चालतं. तमिळनाडूतल्या होसूरची गाडी म्हटल्यावर मला शनिवार आठवला. संध्याकाळी सव्वासहाला त्या ट्रिपपुढे हिरव्या अक्षरांत 'डिलिव्हर्ड' आलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

"काका, तुमची गाडी शनिवारीच खाली झालीये ना?"

"शनिवारी पोहोचलो मी. आत कुठं घेतलीये अजून? रविवारी सुट्टी, सोमवारी म्हणे जागा नाही, कालही तेच. टोकन घेऊन पार्किंगला उभा आहे."

डबा तसाच ठेवून मी लॅपटॉप उघडला. ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याला साध्या मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. चाकण ते होसूर साधारण 900 किलोमीटर, म्हणजे पाच दिवस. बिल गुरुवारी काढलेलं. बोटांवर मोजलं, मंगळवारी रात्री बाराला संपलं होतं. मुदत वाढवता येते, पण संपण्याआधीचे 8 तास किंवा संपल्यानंतरचे 8 तास, एवढ्यातच. माझ्याकडे सकाळी आठपर्यंतचा वेळ होता. आठ वाजून गेले असते तर 32 फुटी कंटेनरभर बंपर मुदत संपलेल्या कागदावर उभे राहिले असते. माल घेणारी कंपनी असला कागद गेटवर घेत नाही. रस्त्यात तपासणी झालीच, तर कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे.

ई-वे बिलाच्या पोर्टलला आता पासवर्डबरोबर ओटीपीही लागतो आणि तो आमच्या अकाउंट्सच्या साहेबांच्या मोबाईलवर जातो. दोन वेळा रिंग पूर्ण वाजली. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला, ओटीपी सांगितला आणि एक प्रश्न न विचारता फोन ठेवला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या पानावर मात्र माझा हात थांबला. माल सध्या कुठल्या अवस्थेत आहे असं पोर्टल विचारतं आणि दोन पर्याय देतं: 'इन मूव्हमेंट' आणि 'इन ट्रान्झिट'. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये धावत्या गाडीला 'इन ट्रान्झिट' म्हणतात. पोर्टलवर धावती गाडी 'इन मूव्हमेंट'मध्ये जाते आणि वाटेत कुठे थांबलेला माल 'इन ट्रान्झिट'मध्ये. एकच शब्द, आणि दोन्हीकडे अर्थ उलटे. घाईत माणूस सवयीच्या शब्दावरच बोट ठेवतो. मी दोनदा वाचलं, 'इन ट्रान्झिट' निवडलं, त्याखाली 'रोड' निवडलं. मग पत्ता आणि पिनकोड मागितला.

"काका, तिथला पिनकोड काय?"

काकांना तमिळ येत नाही. ते गाडीतून उतरले, समोरच्या मेडिकलच्या पाटीपाशी गेले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. कारणात 'इतर', राहिलेलं अंतर 2 किलोमीटर. 7 वाजून 46 मिनिटांनी नवी मुदत पडली. मी त्यांना पीडीएफ पाठवली, तर तिकडून दोन हात जोडलेले आले. त्यांनी काय म्हणून हात जोडायचे? खरं तर आम्ही जोडायला हवे होते.

ऑफिसात गेल्यावर मी ती ट्रिप उघडून बसले. मुदत संपायच्या आधी सॉफ्टवेअर आम्हाला अलर्ट देतं, मग या गाडीचा का आला नाही? उत्तर लगेच सापडलं. अलर्ट फक्त चालू ट्रिपचे येतात आणि आमच्या लेखी ही ट्रिप शनिवारीच संपली होती. ती संपवली कुणी, तर जिओफेन्सने. माल उतरायच्या जागेभोवती नकाशावर एक गोल आखलेला असतो. जीपीएस लावलेली गाडी त्या गोलात शिरली की सॉफ्टवेअर आपोआप शेरा मारतं. होसूरचा गोल 2 किलोमीटर त्रिज्येचा होता आणि पार्किंग त्याच्या आतच होतं. गाडी पार्किंगला लागली, सॉफ्टवेअरने 'डिलिव्हर्ड' लिहिलं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ज्यांना रोज वापरून आपण गुळगुळीत करून टाकलंय, त्या शब्दांच्या मागे पैसे असतात. बिल्टीवर 'टू पे' असेल तर भाडं माल घेणारा देतो, 'पेड' असेल तर पाठवणाऱ्याने आधीच भरलेलं असतं, 'टीबीबी' म्हणजे 'टू बी बिल्ड' असेल तर महिनाअखेर बिल जातं. एक खूण चुकली की तिकडे गेटवर ड्रायव्हर आणि स्टोअरवाला भांडत बसतात. तसंच हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी उभी राहिल्याच्या भरपाईचं. आमच्या लोडिंग स्लिपवर पोहोचल्यापासून 24 तास मोफत, पुढे दर दिवसाला 2,500 रुपये. हे घड्याळ गाडी पोहोचल्यावर सुरू होतं आणि खाली झाल्यावर थांबतं. आमच्याकडे मात्र पोहोचण्याला आणि खाली होण्याला एकच शब्द होता. घड्याळ सुरू झालं त्याच मिनिटाला बंदही झालं. काकांच्या ट्रिपपुढे हॉल्टिंगच्या रकान्यात शून्य होतं.

काकांची गाडी आमच्या ताफ्यातली नव्हती, मार्केटची, म्हणजे बाहेरून भाड्याने घेतलेली होती. मालकही तेच, ड्रायव्हरही तेच. महिन्याच्या हप्त्याचं ओझं डोक्यावर असताना चार दिवस उभं राहायचं आणि कागदावर एकही दिवस दिसू नये, हे मला सहन होईना.

मग पीओडीच्या यादीत जे दिसलं त्याने मी अगदी गप्प झाले. पीओडी म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची बिल्टी. ती आली की राहिलेलं भाडं सुटतं. ट्रिप 'डिलिव्हर्ड' झाली की तिचं नाव आपोआप 'पीओडी बाकी'त जातं आणि आमच्या ऑफिसातली मुलगी ड्रायव्हरला फोन लावते. सोमवारी एकदा आणि मंगळवारी दोनदा तिने काकांना फोन केला होता, 'पीओडीचा फोटो पाठवा.' तिन्ही वेळा त्यांनी सांगितलं होतं की गाडी खाली झालेली नाही. तिच्याकडे ते लिहायला रकानाच नव्हता, म्हणून तिन्ही वेळा 'पीओडी पेंडिंग' लिहिलं गेलं. खरं काय ते माणसाने तीनदा सांगितलं, पण आमच्या यादीत ते मावत नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमारास गाडी खाली झाल्याचा काकांचा फोन आला. तोवर मी त्या गाडीचे जीपीएसचे सगळे पिंग, म्हणजे वेळोवेळच्या जागेच्या नोंदी, काढून ठेवले होते. शनिवार संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत ठिकाण एकच, वेग शून्य. टोकनचा फोटो काकांनी शनिवारीच काढून ठेवला होता. हे दोन्ही जोडून मी तीन दिवसांच्या हॉल्टिंगची, 7,500 रुपयांची, मंजुरी मागितली. साहेबांनी एक प्रश्न विचारला, "रविवार धरायचा का?" मी म्हटलं, "स्लिपवर रविवार वगळलेला नाही." त्यांनी सही केली.

खरं भांडण पुढे झालं. 'डिलिव्हर्ड' आपोआप का पडतं, याचं मूळ आमच्या ग्राहकाच्या अहवालात होतं. गाड्या वेळेवर पोहोचतात का, हे तिथे टक्क्यात मोजतात, म्हणून गोलात शिरली की डिलिव्हरी धरायची असं दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत ठरलं होतं. त्या बैठकीत मीही होते, आणि तो नियम सॉफ्टवेअरमध्ये भरला तो माझ्याच हाताने. तेव्हा मला तो सोयीचा वाटला होता. आता मी हट्ट धरला: वेळेवर पोहोचण्याचा टक्का 'पोहोचली'वर मोजा, पण 'खाली झाली' हा शेरा वेगळा पाहिजे, आणि तो माणसाने भरायचा, गोलाने नाही. टक्का घसरेल, ग्राहक विचारेल, अशी बरीच चर्चा झाली. दोन आठवड्यांनी बदल मंजूर झाला. ड्रायव्हरच्या ॲपवर तीन बटणं आली: 'पोहोचलो', 'आत घेतली', 'खाली झाली'. गोलही गेटपुरता लहान केला.

त्याच सुमारास काका पीओडी द्यायला स्वतः ऑफिसात आले. बिल्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेली, मागे शिक्का, शेरा काही नाही, म्हणजे माल पूर्ण आणि धड पोहोचलेला. मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या मोबाईलवर नवी बटणं दाखवली. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही शब्द सावकाश वाचले आणि मधल्यावर बोट ठेवलं.

"ताई, 'आत घेतली' म्हणजे गेटच्या आत, का माल उतरवायच्या डॉकला लावली? गेटच्या आत घेऊनसुद्धा दिवसभर उभी करतात."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि वही काढली.